बॅगेत जे भरलंच नव्हतं

"अबे गजूभाऊ, तोंडच वेगळं आहे ना याचं! तोंडच वेगळं आहे!"

रफीक शाळेच्या ओट्यावर उभा राहून बोंबलत होता. एका हातात माझा नवाकोरा वायरलेस सेट, दुसऱ्या हातात अँटेनाच्या केबलचं टोक, आणि दोन्ही एकमेकांत बसेनात. कपड्यांतून पाणी निथळतंय, दाढीतून पाणी निथळतंय, आणि मागे पैनगंगा अशी फुगलेली की क्षितिज म्हणून जे काही असतं तेही वाहून गेलं असावं. आत चौथीच्या वर्गात सतरंजीवर साप चावलेली एक बाई पडलेली. आणि बाहेर आम्ही दोन शहाणे, अंगठ्याच्या पेराएवढ्या एका पितळी तुकड्यासाठी एकमेकांकडे बघत उभे…

थांबा. आधी एक सांगून टाकतो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मला ओळखणारे तर म्हणतात, गजाननचा भुतांवर विश्वास नाही कारण भुतांचाच गजाननवर विश्वास नाही. मी गोष्ट जरा फुगवून सांगतो हे मान्य आहे. हातभर साप दिसला तर माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत तो एसटीएवढा होतो. आमच्या ग्रुपमध्ये नियमच आहे — गजूचं ऐकायचं, दोनानं भागायचं, मग काय ते बोलायचं. पण खाली जे लिहितोय त्यातल्या पुराला खुशाल भागा, पावसाला भागा. त्या पितळी तुकड्याला भागू नका. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता लिहितानाही आहे.

मी दिग्रसचा. इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. त्यासोबत हा हौशी रेडिओचा नाद. सरकारची परीक्षा देऊन लायसन घ्यावं लागतं, मग तुम्ही आपल्या सेटवरून बोलायला मोकळे. बायको म्हणते, "फुकट मोबाइल असताना पैसे भरून बोंबलायची हौस." बरोबरच आहे तिचं. पण पावसाळ्यात लाइट जाते, मग टॉवरची बॅटरी जाते, मग मोबाइल म्हणजे नुसती आरशी. तेव्हा आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना बोलावणं येतं. जिथं पाणी चढायची शक्यता आहे तिथं आधीच जाऊन बसायचं आणि तिथून खबर द्यायची. एवढंच काम. कोणी हार घालत नाही. घातला तरी गळ्यात आधीच इतकं काही लटकत असतं की त्याला जागा नाही.

त्यासाठी प्रत्येकाची एक बॅग तयार पाहिजे. अँटेना, केबल, जास्तीची बॅटरी, टॉर्च, दोरी, चिकटपट्टी, कोरडे मोजे, चिवडा. बोलावणं आलं की उचलायची आणि निघायचं. म्हणायला सोपं आहे. खरी पंचाईत अशी की बॅग घरात असते, आणि घरात माणसं असतात. आमच्या बॅगेतले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले आहेत. दोरीवर पापड वाळले आहेत. एका वर्षी आमच्यातल्या एकाने ऐन पुरात बॅग उघडली तर आत नुसती चिवड्याची रिकामी पिशवी आणि पोराची मोजपट्टी.

मग देवीदासभाऊनं तोडगा काढला. देवीदासभाऊ आमच्याच ग्रुपमधला, गावच्या जिनिंगमध्ये फिटर होता. आयुष्यभर कापसाच्या गठाणी पाहिलेला माणूस. तो म्हणाला, गठाण कशी बांधतात? बांधणारा वेगळा, नेणारा वेगळा. तेव्हापासून आमच्यात रिवाज पडला. आपली बॅग आपण भरायची नाही, दुसऱ्यानं भरायची. मृग लागायच्या आत सगळे जमतो, एकमेकांच्या बॅगा भरतो, आणि तोंड दाभणानं, सुतळीनं शिवून टाकतो. भरणाऱ्याचा टाका वेगळा, त्याची गाठ वेगळी. ती शिवण गावात पोचल्याशिवाय उसवायची नाही. घरच्यांनी हात लावला की लगेच कळतं. माझी बॅग त्या वर्षी देवीदासभाऊनं भरली होती. त्याची शिवण म्हणजे… मुंगीला आत जायचं असेल तर अर्ज करावा लागेल.

वायरलेसचा सेट मात्र या बॅगेत नसतो. तो रोज चार्ज करावा लागतो म्हणून बाहेर असतो. इथंच घोळ झाला. बॅग शिवून झाल्यावर, मधे बरेच दिवस गेल्यावर, मी नवा सेट घेतला. जुना बिघडला नव्हता. नवा चकाकत होता, बस. आता तुमच्यातला कोणी रेडिओवाला असेल तर त्यानं आत्ताच कपाळावर हात मारला असेल. जुन्या सेटला अँटेनाची केबल जिथं जोडतात ते तोंड मोठं. नव्याचं बारीक. दोघांच्या मधे एक छोटा पितळी जोड लागतो. कनेक्टर. तो बॅगेत असायचं कारणच नव्हतं, कारण बॅग शिवली तेव्हा नवा सेट दुकानातच होता.

आणि सेटवरची जी बोटभर रबरी अँटेना असते तिच्यावर मी गल्लीत बोलून पाहिलं होतं. मस्त चालला. गल्लीत सगळंच चालतं.

तर बोलावणं आलं. मी आणि रफीक, जो आर्णीला मोटार रिवाइंडिंग करतो, मोटरसायकलवर पुसद-उमरखेड करत ढाणकीला पोचलो. ढाणकीत एका उंच गच्चीवर आमच्या राऊत बाई मोठा सेट घेऊन बसल्या होत्या. रिटायर्ड विज्ञान शिक्षिका. आमच्या सगळ्यांचा कंट्रोल. त्यांनी आम्हाला खालच्या एका गावात जाऊन बसायला सांगितलं. गावाचं नाव देत नाही, लोक उगाच फोन करतील. गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नाला. आम्ही नाला ओलांडला तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. म्हणजे माझ्या भाषेत गळ्याला. रफीकचा पाय सटकला, तो वाचला, त्याचा सेट आणि बॅग दोन्ही गेले. मागे वळून पाहिलं तर रस्ता नव्हता. पाऊस असा की छत्री उघडली असती तर छत्रीनंच माफी मागितली असती.

गावातली माणसं शाळेत जमली होती, शाळा जरा टेकाडावर आहे. आम्ही ओट्यावर टेकलो. अंगात काही उरलं नव्हतं. मी मनात म्हणालो, आता जरा चिवडा खाऊ, अँटेना नंतर लावू.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं.

कौसाबाई म्हणून एक म्हातारी, तिची सून छाया. पाणी गोठ्यात शिरायला लागलं म्हणून छाया शेळ्यांच्या चाऱ्याची, कुटाराची पोती माळ्यावर टाकत होती. पाण्याला भिऊन सापही पोत्यातच बसलेला. मनगटाच्या वर चावला. छायाचा नवरा पुसदला गेलेला, तो तिकडंच अडकला. माझा हात धरून म्हातारी म्हणाली, "बापू, जयभीम. तुम्ही सरकारकडून आले ना? मंग गाडी बोलवा ना. मही एकच सून आहे बापू. तिचे डोये मिटून राह्यले."

सरकारकडून! मी स्वतःच्या पेट्रोलनं आलो होतो. पण ते सांगायची वेळ नव्हती.

गावातल्या एका शिकलेल्या पोरीनं छायाला हलू न देता झोपवून ठेवलं होतं. बांधलं नाही, कापलं नाही, हे बरं केलं. पण लस ढाणकीत, बोट ढाणकीत, आणि आम्ही इथं. मी वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि दारातूनच फिरलो. खोटं कशाला सांगू, मला असलं पाहवत नाही. छायाच्या पापण्या अर्ध्या पडल्या होत्या आणि ती काहीतरी बोलत होती, ते जड जिभेतून नुसतं घरंगळत होतं. मी आत पाऊल टाकलं नाही. हे लक्षात असू द्या.

बाहेर येऊन सेट लावला. रबरी अँटेनावर हाक मारली. खरखर. पुन्हा. खरखर. खोलगट जागा, मधे टेकाड, एवढ्याशा अँटेनाचा आवाज ढाणकीला काय, शाळेच्या संडासापर्यंतही पोचत नसावा. मग देवीदासभाऊची शिवण ब्लेडनं उसवली, अँटेना झेंड्याच्या खांबावर चढवली, केबल खाली आणली… आणि रफीकनं ती बोंब मारली.

"जोड कुठं आहे?"

"बॅगेत पाहा."

"बॅगेत काहून असंन? देवीदासभाऊले काय स्वप्न पडलं होतं का तुह्या नव्या सेटचं?"

तरी बॅग ओट्यावर रिकामी केली. सगळं पसरलं. मोजे, दोरी, चिवडा, सेल. रफीकनं बॅग उलटी केली, आतली बाजू बाहेर काढली, दोन्ही हातांनी धरून सतरंजीसारखी झटकली. मी शिवणीवरून बोटं फिरवली. ताडपत्रीची एकेरी बॅग, तिला ना अस्तर, ना कप्पा. काही नाही.

मग जुगाड. केबल सोलली, तार सेटच्या बारीक तोंडात कोंबली. ऐकू आलं! राऊत बाईंचा आवाज ऐकू आला, तुटक, "…कोणी आहे का, ओव्हर." मी बटण दाबून बोललो की तार निसटायची. चिकटपट्टी लावली, ओल्या हातानं ती चिकटेना. रफीकनं दातानं धरली. अहो, माणसानं दातानं अँटेना धरली! आमचा आवाज जाईना. बाई बिचाऱ्या पुन्हा पुन्हा विचारतायत, आम्ही ऐकतोय, आणि आमचं काही तिकडं पोचत नाही. यापेक्षा काहीच ऐकू आलं नसतं तर परवडलं असतं.

रिकामी बॅग रफीकनं मधेच आत नेऊन दिली होती, छायाच्या डोक्याखाली उशी म्हणून. तेवढाच तिचा उपयोग राहिला होता.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी जो थकवा आला तो अजून उतरलेला नाही. रफीक म्हणाला, "पोहून जाऊ का नाल्यातून?" मी म्हणालो, "जा. तुझ्यासाठी वेगळी बोट लागंल." दोघंही हसलो नाही.

आणि कौसाबाई बाहेर आली. एका हातानं डोळे पुसत, दुसरा हात माझ्यापुढं धरून.

"हे पाहा बापू काय होय. पोरीले टोचून राह्यलं होतं."

तिच्या तळहातावर तो जोड होता.

रफीक माझ्याकडे बघतो, मी रफीककडे. मी तो उचलला. गरम होता. चटका बसावा असा नाही… कोणीतरी बराच वेळ हातात घट्ट धरून मग सोडावा तसा. सगळं गाव थंडीनं काकडत होतं, आमची नखं निळी पडली होती, आणि ते पितळ ऊबदार. विचार करायला वेळ नव्हता. एका बाजूनं सेटवर फिरवला. बसला. दुसऱ्या बाजूनं केबल. बसली. लोणी सुरीला वाट देतं तशी.

बटण दाबलं.

"राऊत बाई, गजानन बोलतोय. इमर्जन्सी. ओव्हर."

"बोला गजानन." आवाज इतका स्वच्छ की बाई बाजूला बसून स्वेटर विणत असाव्यात. "भागाकार करून बोला. ओव्हर."

"बाई, आज भागू नका. एक बाई आहे, साप चावला, मनगटाच्या वर. पापण्या पडतायत, जीभ जड आहे, श्वास चालू आहे. रस्ता नाही. बोट पाहिजे, लस पाहिजे. शाळेजवळ लावा. ओव्हर."

आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण. त्यात एकही विशेषण नाही.  

"समजलं," बाई म्हणाल्या. "बोट निघते आहे. सेट बंद करू नका. ओव्हर."

बोट आली. कशी आली, बोटवाल्यांनी काय काय केलं, तो वेगळाच पराक्रम आहे आणि तो मी फुगवून सांगितला तरी कमीच पडेल. छायाला सतरंजीसकट उचलून बोटीत ठेवलं, कौसाबाई पायाशी बसली. आम्ही मागेच राहिलो, कारण गाव अजून पाण्यात होतं. संध्याकाळी बाईंनी सेटवर कळवलं की लस लागली, पुढं मोठ्या दवाखान्यात नेतायत, श्वासाची नळी घातली आहे, पण आहे. "आहे" हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

मग रफीकनं विचारलं, "कुठून आला बे हा?"

"बॅगेतून. डोक्याखाली होती ना."

"बॅग मी झटकली होती."

"नीट झटकली नसशील."

"गजूभाऊ, अजून झटकली असती तं तिचं पुन्हा ताडपत्रीचं थान झालं असतं."

घरी आल्यावर पहिला फोन देवीदासभाऊला. तुम्हाला वाटत असेल, आता हा म्हणणार की देवीदासभाऊ तर आधीच वारला होता. नाही हो. ठणठणीत आहे. परवाच येऊन दोन कप चहा पिऊन गेला, वर साखर कमी म्हणाला. फोनवर तो म्हणाला, "मले तुह्या नव्या सेटचं तोंड कसं आहे थेच माहीत नाही, तं त्याचा जोड मी कुठून टाकू?" सेट जिथं घेतला त्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला आम्ही सोबत देतच नाही. घरातल्यांना विचारलं. बायको म्हणाली, "शिवलेल्या बॅगेत मी कशी टाकू, आणि टाकायचंच असतं तर डोकं टाकलं असतं तुमचं."

मग तो जोड भिंगाखाली धरून पाहिला. झिजलेला. आट्यांच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या, पितळाचा रंग हाताळून काळसर पडलेला. वर्षानुवर्षं कोणीतरी तो फिरवून बसवला आणि फिरवून काढला असावा. माझ्या सेटचं ते मॉडेल बाजारात येऊनच फार दिवस झाले नव्हते.

ग्रुपमध्ये सांगितलं. सगळ्यांनी दोनानं भागलं. अर्धा कनेक्टर कसा असतो ते मला समजावून सांगा. राऊत बाई एवढंच म्हणाल्या की संदेश वेळेत आला. रफीक साक्षीला आहे, पण रफीकला कोणी विचारत नाही, कारण तो माझा दोस्त. कोणी म्हणालं गावात एखाद्याकडं असेल. कोणाकडं? कुटाराच्या पोत्यात? कोणी म्हणालं तुझ्याच खिशात असेल, विसरला असशील. माझ्या खिशात ओला रुमाल होता आणि मोटरसायकलची किल्ली. आता मी वाद घालत नाही. दमलो. पावसाळा आला की बॅग पुन्हा भरतो — म्हणजे दुसरा कोणी भरतो — आणि काही बोलत नाही.

पण एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. तूर फुलावर आली तेव्हा मी त्या गावात गेलो. नाल्यात तेव्हा चप्पल भिजेल एवढंही पाणी नव्हतं. छाया अंगणात बसून सोयाबीन पाखडत होती. बारीक झाली होती, पण हात चालत होते. कौसाबाईनं चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी खिशातून तो जोड काढला.

"कौसाबाई, हा त्या दिवशी बॅगेत नेमका कुठं होता?"

"बॅगेत कायले?" म्हातारी म्हणाली. "पोरीच्या मुठीत होता. बोटं उकलू उकलू काढला मी."

 मी छायाकडं वळलो. तुला कोणी दिला गं हा, मी विचारलं.

तिनं सूप एकदा आपटलं, खडा काढून बाजूला टाकला.

"तुम्हीच तं देला, भाऊ. जवळ बसले, मुठीत ठेवला अन् म्हणले, धरून राह्य, मी न्यायले येतो. मंग तुम्ही आलेच नाही, म्हून ह्या आत्याबाईनं तुम्हाले आणून देला."